सायबर गुन्हे : अधिकारिता व प्रत्यर्पण

संगणक, संगणकांचे जाळे किंवा त्यांत साठविलेली माहिती यांच्या साहाय्याने वा त्यांच्याविरुद्ध केलेल्या गुन्ह्यांना सायबर गुन्हे म्हणतात. अशा गुन्ह्यात आरोपी एका देशात, त्याने वापरलेला संगणक दुसऱ्या देशात आणि पीडित व्यक्ती वा संस्था तिसऱ्याच देशात असू शकते. त्यामुळे गुन्हा कोठे घडला, त्याचा न्याय कोणत्या न्यायालयाने करावा आणि आरोपीला त्या न्यायालयापुढे कोणत्या मार्गाने आणावे, असे तीन प्रश्न उपस्थित होतात. त्यांपैकी पहिले दोन अधिकारितेचे असून तिसरा प्रत्यर्पणाचा आहे. एका राज्यात गुन्हा करून दुसऱ्या राज्यात असलेल्या व्यक्तीस पहिल्या राज्याच्या मागणीवरून विधिवत् त्याच्या स्वाधीन करणे म्हणजे प्रत्यर्पण होय.

राज्याच्या अधिकारितेची तीन अंगे मानली जातात : कायदा करण्याचा अधिकार, न्यायनिवाडा करण्याचा अधिकार व कायद्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी करण्याचा अधिकार. पहिली दोन अंगे काही मर्यादेपर्यंत देशाच्या सीमेबाहेर जाऊ शकतात. तिसरे मात्र सीमेशी थांबते. दुसऱ्या राज्याच्या संमतीविना त्याच्या भूमीवर कोणास अटक करता येत नाही, झडती घेता येत नाही किंवा कागदपत्रे जप्त करता येत नाहीत. सायबर गुन्ह्यांच्या खटल्यांचा इतिहास हा मुख्यतः या विषमतेचा इतिहास आहे. न्यायनिवाड्याचा अधिकार सांगणारी न्यायालये वाढत गेली. आरोपीपर्यंत व पुराव्यापर्यंत पोहोचण्याचे साधन मात्र पूर्वीप्रमाणेच परराज्याच्या संमतीवर अवलंबून राहिले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : पळून गेलेल्या माणसांना परत करण्याची प्रथा फार जुनी आहे. ईजिप्तचा राजा दुसरा रॅमसीझ आणि हिटाइट राजा तिसरा हत्तुसिली यांच्यात इ. स. पू. तेराव्या शतकात झालेल्या तहात पळून आलेल्यांना परत पाठविण्याची कलमे आढळतात. आधुनिक अर्थाने प्रत्यर्पणाचा विकास एकोणिसाव्या शतकात झाला. आगगाडी व आगबोट यांमुळे गुन्हेगाराला परदेशी निसटणे सोपे झाले आणि यूरोपीय व अमेरिकन राज्यांनी परस्परांशी द्विपक्षीय तह केले. या काळात राजकीय अपराध्यास स्वाधीन न करण्याचे तत्त्वही रूढ झाले. ब्रिटिश साम्राज्यांतर्गत प्रदेशांत १८८१ चा फरारी गुन्हेगार अधिनियम लागू होता [⟶ आंतरराष्ट्रीय कायदा].

या विषयातील एक महत्त्वाचा निवाडा विनायक दामोदर सावरकर (१८८३–१९६६) यांच्या संबंधातील आहे. लंडनमध्ये अटक झाल्यानंतर त्यांना खटल्यासाठी ‘मोरिया’ या बोटीतून हिंदुस्थानात आणण्यात येत होते. ८ जुलै १९१० रोजी मार्सेलच्या बंदरात त्यांनी बोटीतून समुद्रात उडी घेतली व ते किनाऱ्यावर पोहोचले. तेथे एका फ्रेंच पोलीस अंमलदाराने त्यांना पकडून प्रत्यर्पणाची कोणतीही कारवाई न होता बोटीवरील ब्रिटिश पहाऱ्याच्या स्वाधीन केले. फ्रान्सने त्यांना परत मागितले. हा वाद हेग येथील स्थायी लवाद न्यायालयापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ रोजी लवाद मंडळाने, अटक व हस्तांतर यांत अनियमितता घडल्याचे मान्य केले. परंतु परकीय अंमलदाराच्या चुकीमुळे ताब्यात आलेल्या कैद्यास परत करण्याचे बंधन घालणारा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही, असा निर्वाळा दिला. आरोपी न्यायालयापुढे कसा आला, यापेक्षा तो आला आहे, यालाच या निवाड्याने महत्त्व दिले. शंभर वर्षांनंतर सायबर गुन्ह्यांच्या संदर्भात हाच प्रश्न पुन्हा पुढे आला.

अधिकारितेच्या बाबतीत मूलभूत मानला जाणारा निर्णय ‘लोटस’ खटल्यातील आहे. २ ऑगस्ट १९२६ रोजी ‘लोटस’ ही फ्रेंच बोट व ‘बोझ-कूर्त’ ही तुर्की बोट यांची भर समुद्रात टक्कर होऊन आठ तुर्की नागरिक मृत्यू पावले. ‘लोटस’ इस्तंबूलला पोहोचल्यावर तुर्कस्तानने फ्रेंच अधिकाऱ्यावर खटला भरला. आंतरराष्ट्रीय न्यायाच्या स्थायी न्यायालयाने ७ सप्टेंबर १९२७ रोजी तुर्कस्तानच्या बाजूने निर्णय दिला. न्यायाधीशांची मते समसमान पडल्याने अध्यक्षांचे निर्णायक मत वापरावे लागले. परराज्याच्या भूमीवर स्वतःची सत्ता चालविण्यास राज्याला मनाई आहे, परंतु बाहेर घडलेल्या कृत्याचा परिणाम स्वतःच्या प्रदेशात झाल्यास त्याबद्दल स्वतःच्या न्यायालयात खटला चालविण्यास सर्वसाधारण मनाई नाही, असा या निर्णयाचा आशय होता. तुर्की बोटीला न्यायालयाने तुर्की प्रदेशासमान मानले. समुद्रावरील टकरींपुरता हा नियम पुढे आंतरराष्ट्रीय करारांनी बदलला. परंतु परिणामाच्या स्थळी अधिकारिता निर्माण होते, हे तत्त्व टिकले. सायबर गुन्ह्यांबाबत बहुतेक देशांचे कायदे आज त्याच तत्त्वावर उभे आहेत.

संगणकापूर्वीच्या दूरसंदेशवहनाच्या काळातच या तत्त्वाची कसोटी मुंबईत लागली. ‘मुबारक अली अहमद वि. मुंबई राज्य’ या खटल्यातील आरोपी पाकिस्तानचा नागरिक असून कराचीत व्यापार करीत होता. १९५१ मध्ये गोव्यात तांदळाची टंचाई होती. गोव्याच्या एका व्यापाऱ्यास तांदूळ पुरविण्याच्या व्यवहारात आरोपीने कराचीहून पत्रे, तारा व दूरध्वनी यांच्या द्वारा खोटी आश्वासने दिली आणि त्यांवर विश्वासून मुंबईत पाच लाख रुपयांहून अधिक रक्कम देण्यात आली. तांदूळ आला नाही. आरोपी पुढे इंग्लंडला गेला असता दुसऱ्या एका प्रकरणात त्याचे प्रत्यर्पण होऊन तो मुंबईस आणला गेला व त्याच्यावर या फसवणुकीचाही खटला चालला. आपण गुन्ह्याच्या वेळी भारतात नव्हतो व भारताचे नागरिकही नाही, हा त्याचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये फेटाळला. फसवणुकीच्या गुन्ह्याचे सर्व घटक मुंबईत पूर्ण झाले असल्याने गुन्हा मुंबईत घडला. त्यासाठी आरोपीचा देह तेथे असणे आवश्यक नाही, असे न्यायालयाने ठरविले. तारेच्या जागी संगणकीय संदेश ठेवला, तर आजच्या बहुसंख्य आर्थिक सायबर गुन्ह्यांचे वर्णन याच निर्णयात सापडते. आरोपी हाती आला तो मात्र इंग्लंडमधील प्रत्यर्पणामुळे, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

प्रत्यर्पणाची तत्त्वे : प्रत्यर्पणाचे बंधन सामान्यतः तहामुळे निर्माण होते. मागणीचे कृत्य दोन्ही देशांच्या कायद्यांनुसार गुन्हा असले पाहिजे, हे त्यातील प्रमुख तत्त्व होय. यास दुहेरी अपराधाचे तत्त्व म्हणतात. ज्या गुन्ह्यासाठी आरोपी स्वाधीन केला, त्याखेरीज अन्य पूर्वीच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर सामान्यतः खटला चालविता येत नाही. हे विशिष्टतेचे तत्त्व होय. राजकीय स्वरूपाच्या अपराधासाठी प्रत्यर्पण नाकारता येते. रशिया, ब्राझील इ. देशांची संविधाने स्वतःच्या जन्मजात नागरिकांचे प्रत्यर्पण करण्यास मनाई करतात. भारतात १९६२ च्या प्रत्यर्पण अधिनियमानुसार परराज्याच्या मागणीची दंडाधिकाऱ्याकडून चौकशी होते आणि अखेरचा निर्णय केंद्र सरकार घेते. या सर्व तत्त्वांच्या मुळाशी आरोपी एका देशात गुन्हा करून दुसऱ्या देशात पळतो, ही कल्पना आहे. सायबर गुन्हेगार बहुधा पळतच नाही. तो स्वतःच्या घरी, स्वतःच्या देशाच्या कायद्याच्या संरक्षणाखाली असतो. जुन्या तत्त्वांचा नव्या वस्तुस्थितीशी मेळ बसेना, याचे हे एक प्रमुख कारण होय.

संगणकयुगातील प्रारंभीचे खटले : १९९४ मध्ये रशियातील सेंट पीटर्झबर्ग येथून व्ल्यादिमीर लेव्हिन याने अमेरिकेतील सिटीबँकेच्या संगणकात शिरकाव करून ग्राहकांच्या खात्यांतील सु. एक कोटी डॉलर अन्य देशांतील खात्यांत वळविले. त्यांपैकी सु. चार लाख डॉलर वगळता बाकीची रक्कम बँकेने परत मिळविली. अमेरिका व रशिया यांच्यात प्रत्यर्पणाचा तह नव्हता. मार्च १९९५ मध्ये लेव्हिन इंग्लंडमधील स्टॅन्स्टेड विमानतळावर उतरला असता त्याला अटक झाली. गुन्हा सेंट पीटर्झबर्गमध्ये कळफलकावर घडला की न्यू जर्सीतील बँकेच्या संगणकात, असा प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयापुढे आला. आरोपीने कळ दाबली तेथे आणि संगणकाने आज्ञा पाळली तेथे, अशा दोन्ही ठिकाणी कृत्य घडल्याचे मानता येते. आरोपीचा देह कोठे होता यास त्या मानाने गौण महत्त्व आहे, असे न्यायालयाचे मत पडले. हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १९९७ मध्ये त्याचे अपील फेटाळले व त्याचे अमेरिकेस प्रत्यर्पण झाले. १९९८ मध्ये त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. आरोपी आपल्या देशाबाहेर पडण्याची वाट पाहणे व मित्रदेशाच्या विमानतळावर त्याला गाठणे, ही पद्धत या खटल्यापासून रुळली.

दुहेरी अपराधाच्या तत्त्वाची अडचण ४ मे २००० रोजी पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ या संगणकीय विषाणूने दाखवून दिली. प्रेमपत्राच्या नावाने आलेल्या संदेशाबरोबर तो जगभरातील लक्षावधी संगणकांत शिरला व त्याने सरकारी खाती, संसद व मोठ्या कंपन्या यांचे टपाल बंद पाडले. त्याचा उगम मनिला शहरात असल्याचे तपासात आढळले. परंतु फिलिपीन्समध्ये तेव्हा संगणकातील अनधिकृत प्रवेश वा विषाणूचा प्रसार यांस गुन्हा ठरविणारा कायदा नव्हता. जून २००० मध्ये असा कायदा झाला. तथापि तो पूर्वलक्षी प्रभावाने लागू करता येत नव्हता. ऑगस्टमध्ये संशयितावरील आरोप काढून घेण्यात आले. कृत्य स्वदेशी गुन्हाच नसल्याने त्याचे प्रत्यर्पणही अशक्य होते. एका देशाच्या कायद्यातील त्रुटी सर्व जगाची त्रुटी ठरते, याची जाणीव या प्रकरणाने राज्यकर्त्यांना झाली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या संघीय अन्वेषण विभागाने (एफबीआय) वेगळा मार्ग चोखाळला. रशियातील चेल्याबिन्स्क येथून अमेरिकन कंपन्यांच्या संगणकांत शिरून खंडणी मागणाऱ्या दोघा तरुणांना एका बनावट कंपनीच्या नावाने नोकरीच्या मुलाखतीसाठी सिॲटल येथे बोलाविण्यात आले. मुलाखतीत त्यांनी स्वतःच्या रशियातील संगणकाशी संपर्क साधला. त्या वेळी टिपून घेतलेल्या परवलीच्या शब्दांच्या आधारे तपास अधिकाऱ्यांनी नंतर त्या संगणकांतील माहिती उतरवून घेतली. अमेरिकन न्यायालयाने हा पुरावा ग्राह्य मानला व दोघांनाही शिक्षा झाल्या. रशियाच्या संघीय सुरक्षा सेवेने मात्र २००२ मध्ये संबंधित अमेरिकन अधिकाऱ्याविरुद्ध संगणकात अनधिकृत प्रवेश केल्याबद्दल फौजदारी कारवाई सुरू केली. एकाच कृत्यास एका देशाने तपास म्हटले व दुसऱ्याने गुन्हा. परराज्यातील संगणक सिॲटलमध्ये बसून उघडणे म्हणजे परभूमीवर झडती घेणे होय काय, या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही.

बुडापेस्ट करार : यूरोप परिषदेच्या पुढाकाराने २३ नोव्हेंबर २००१ रोजी बुडापेस्ट येथे सायबर गुन्ह्यांसंबंधीचा करार स्वाक्षरीसाठी खुला झाला व १ जुलै २००४ पासून तो अंमलात आला. या विषयावरील हा पहिला आंतरराष्ट्रीय करार होय. अनधिकृत प्रवेश, माहितीचा विध्वंस, संगणकीय फसवणूक इ. कृत्यांस प्रत्येक सभासद देशाने गुन्हा ठरवावे, असे बंधन त्याने घातले व त्यायोगे दुहेरी अपराधाची अडचण बऱ्याच अंशी दूर केली. ज्या गुन्ह्यास दोन्ही देशांत किमान एक वर्षाच्या कमाल शिक्षेची तरतूद आहे, तो प्रत्यर्पणीय मानला जातो. नागरिकत्वाच्या कारणावरून प्रत्यर्पण नाकारणाऱ्या देशाने मागणी करणाऱ्या देशाच्या विनंतीवरून ते प्रकरण स्वतःच्या अभियोग यंत्रणेकडे सोपविले पाहिजे. एकाहून अधिक देश अधिकारिता सांगत असतील, तर त्यांनी परस्परांत विचारविनिमय करावा, असे करार सुचवितो. तथापि कोणाचा हक्क श्रेष्ठ, याचा क्रम तो ठरवीत नाही. अहोरात्र चालणाऱ्या संपर्क केंद्रांचे जाळेही त्यानुसार उभारले गेले.

सत्तरांहून अधिक देशांनी कराराचे अनुसमर्थन केले आहे. रशिया, चीन व भारत त्याचे पक्ष नाहीत. माहितीवर कायदेशीर अधिकार असलेल्या व्यक्तीची संमती असल्यास दुसऱ्या देशाच्या सरकारला न विचारता तेथील माहिती मिळविण्याची मुभा देणाऱ्या बत्तिसाव्या कलमास रशियाने सार्वभौमत्वाच्या कारणावरून आक्षेप घेतला. कराराच्या घडणीत आपला सहभाग नव्हता, हा आक्षेप भारतात मांडण्यात आला.

आरोपीचे हक्क व न्यायासनाची निवड : परिणामाच्या तत्त्वानुसार अनेक देशांना अधिकारिता प्राप्त होत असल्याने आरोपीवर कोणत्या देशात खटला चालणे न्याय्य, हा प्रश्न निर्माण होतो. गॅरी मॅकिनन या ब्रिटिश नागरिकाने २००१–०२ मध्ये लंडनमधील घरातून अमेरिकेच्या लष्कराच्या व नासाच्या ९७ संगणकांत प्रवेश केल्याचा आरोप होता. परग्रहावरील यानांविषयीची दडविलेली माहिती आपण शोधीत होतो, असे त्याचे म्हणणे होते. त्याला स्वमग्नतेच्या वर्गातील ॲस्पर्जर हा विकार असल्याचे निदान झाले. इंग्लंडच्या न्यायालयांनी प्रत्यर्पणास संमती दिली. परंतु अमेरिकेच्या तुरुंगात त्याच्या जिवास धोका संभवतो, या कारणाने ऑक्टोबर २०१२ मध्ये गृहमंत्री थेरेसा मे यांनी ते रोखले. गुन्हा घरी बसून केला असताना खटला परक्या देशात का चालावा, या प्रश्नावर ब्रिटनमध्ये दहा वर्षे वाद झाला. त्याची परिणती म्हणून २०१३ च्या कायद्याने, कृत्याचा मोठा भाग ब्रिटनमध्ये घडला असल्यास न्यायाच्या हितासाठी प्रत्यर्पण नाकारण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये लॉरी लव्ह या अशाच आरोपीचे प्रत्यर्पण उच्च न्यायालयाने अंशतः या आधारे नाकारले. मॅकिननवर ब्रिटनमध्येही खटला झाला नाही; बहुतेक पुरावा व साक्षीदार अमेरिकेत होते. आरोपीचे हक्क राखताना पीडिताच्या तक्रारीची सुनावणीच राहून जाते, ही या तोडग्याची दुसरी बाजू होय.

याउलट, काही प्रकरणांत प्रत्यर्पणाची रीतसर कारवाई टाळण्यात आली. रोमान सेलेझ्‌न्योव्ह हा रशियन नागरिक अमेरिकेतील दुकाने व उपाहारगृहे यांच्या संगणकांतून क्रेडिट कार्डांची माहिती चोरीत असल्याचा आरोप होता. जुलै २०१४ मध्ये तो मालदीवमध्ये असता तेथील अधिकाऱ्यांच्या सहकार्याने अमेरिकन अधिकाऱ्यांनी त्याला ताब्यात घेऊन विमानाने ग्वॉम बेटावर नेले. अमेरिका व मालदीव यांच्यात प्रत्यर्पणाचा तह नव्हता. रशियाने यास अपहरण म्हटले. अमेरिकन न्यायालयाने अधिकारितेवरील आक्षेप फेटाळला व २०१७ मध्ये त्यास सत्तावीस वर्षांची शिक्षा दिली. अटकेची रीत सदोष असली, तरी खटला चालू शकतो, हे १८८६ पासूनच्या अमेरिकन निर्णयांचे व १९११ च्या हेग निवाड्याचे सूत्र येथेही दिसते. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने मात्र १९९३ मध्ये, प्रत्यर्पणाची प्रक्रिया हेतुतः डावलून आणलेल्या आरोपीवरील खटला न्यायालयाने थांबवावा, असा विरुद्ध दृष्टिकोन स्वीकारला.

अलेक्सांदर व्हिन्निक याचे प्रकरण स्पर्धात्मक मागण्यांचे उदाहरण आहे. आभासी चलनाच्या विनिमयकेंद्राद्वारे काळा पैसा पांढरा केल्याच्या आरोपावरून जुलै २०१७ मध्ये त्याला ग्रीसमध्ये अटक झाली. अमेरिका, फ्रान्स व रशिया या तिन्ही देशांनी त्याची मागणी केली. रशियाच्या मागणीतील गुन्हा तुलनेने किरकोळ होता. स्वतःच्या नागरिकास अमेरिकेच्या हाती पडू न देण्यासाठी अशा प्रतिमागण्या केल्या जातात, असा आरोप अमेरिकेने अनेकदा केला. व्हिन्निकला प्रथम २०२० मध्ये फ्रान्सकडे सोपविण्यात आले. तेथे शिक्षा झाल्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये तो ग्रीसमार्गे अमेरिकेस गेला व २०२४ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका अमेरिकन कैद्याच्या बदल्यात त्याची सुटका झाली. सेलेझ्‌न्योव्हही ऑगस्ट २०२४ मधील कैद्यांच्या अदलाबदलीत मायदेशी परतला होता. वर्षानुवर्षे चाललेली न्यायालयीन प्रक्रिया अशा रीतीने अखेर राजनैतिक सौद्यात विलीन झाली.

पुराव्याचा प्रश्न : आरोपी हाती आला, तरी पुरावा परदेशी असतो. परंपरागत पद्धतीत एका देशाचे न्यायालय दुसऱ्या देशाच्या यंत्रणेस विनंतिपत्र पाठविते किंवा परस्पर कायदेविषयक साहाय्याच्या तहानुसार मागणी केली जाते. या पद्धतीस महिने, प्रसंगी वर्षे लागतात. संगणकीय नोंदी मात्र काही दिवसांत पुसल्या जाऊ शकतात. २०१३ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने मायक्रोसॉफ्ट कंपनीस अमली पदार्थांच्या तपासासाठी एका ग्राहकाचे संदेश सादर करण्याचा आदेश दिला. संदेश आयर्लंडमधील डब्लिन येथे साठविलेले असल्याने कंपनीने नकार दिला व २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तो उचलून धरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असतानाच मार्च २०१८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने ‘क्लाउड’ अधिनियम संमत केला. माहिती जगात कोठेही साठविलेली असो, ती ज्या कंपनीच्या ताब्यात आहे, त्या कंपनीने ती सादर करावी, असे त्याने ठरविले. माहितीच्या स्थळाऐवजी माहितीवरील ताबा ही अधिकारितेची कसोटी मानणारा हा बदल होय. बहुसंख्य मोठ्या कंपन्या अमेरिकन असल्याने त्याचा लाभ मुख्यतः अमेरिकेस व तिच्याशी त्यानुसार करार करणाऱ्या देशांस मिळतो.

भारत : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला. त्याच्या ७५ व्या कलमानुसार भारतातील संगणक वा संगणकांचे जाळे यांचा संबंध असलेला गुन्हा भारताबाहेर कोणत्याही देशाच्या नागरिकाने केला, तरी अधिनियम लागू होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही अशी तरतूद आहे. पत्रे व दूरसंदेश यांच्या द्वारा झालेल्या फसवणुकीचा खटला, संदेश पाठविला वा मिळाला त्या ठिकाणी चालविता येतो, या जुन्या नियमात नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने इलेक्ट्रॉनिक संदेशांची भर घातली. कायद्याची कक्षा अशा रीतीने विस्तृत आहे. अडचण अंमलबजावणीची आहे.

महाराष्ट्रातील घटनांवरून ही अडचण स्पष्ट होते. २००५ मध्ये पुण्यातील एका कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांनी अमेरिकन ग्राहकांकडून परवलीचे क्रमांक मिळवून त्यांच्या बँक खात्यांतील सु. साडेतीन लाख डॉलर वळविले. पीडित परदेशी, परंतु आरोपी व पैसा पुण्यात असल्याने पोलिसांना तातडीने अटक करता आली. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे जिल्ह्यातील मीरा रोड येथे अमेरिकन करखात्याचे अधिकारी असल्याचे भासवून अमेरिकेतील रहिवाशांना लुबाडणारी केंद्रे पोलिसांनी उघडकीस आणली. त्याच महिन्यात अमेरिकेतही अशाच फसवणुकीबद्दल अहमदाबादमधील केंद्रांच्या चालकांसह पन्नासांहून अधिक व्यक्तींवर दोषारोप ठेवण्यात आले. त्यांपैकी एक चालक सिंगापूरला गेला असता पकडला गेला. २०१९ मध्ये त्याचे अमेरिकेस प्रत्यर्पण झाले व २०२० मध्ये त्यास वीस वर्षांची शिक्षा झाली. भारत व अमेरिका यांच्यात १९९७ चा प्रत्यर्पण तह असूनही आरोपी हाती लागला, तो तिसऱ्या देशात.

यांहून बिकट प्रकरण पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे होय. ११ ऑगस्ट २०१८ रोजी बँकेच्या कार्ड व्यवहारांच्या यंत्रणेत घुसखोरी करून बनावट कार्डांच्या साहाय्याने काही तासांत २८ देशांतील यंत्रांतून सु. ७८ कोटी रुपये व भारतातून सु. अडीच कोटी रुपये काढण्यात आले. १३ ऑगस्ट रोजी आणखी सु. १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आले. एकूण हानी ९४ कोटी रुपयांहून अधिक होती. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने २०१९ च्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा केली. परंतु ते प्रामुख्याने भारतातील यंत्रांतून पैसे काढणाऱ्या साखळीतील होते. परिणामाच्या तत्त्वानुसार पुण्याच्या न्यायालयास संपूर्ण कटाचा न्याय करण्याचा अधिकार आहे. तथापि परदेशांत पैसे काढणाऱ्या प्रत्येकासाठी त्या त्या देशाकडे स्वतंत्र मागणी करावी लागते आणि कटाचे सूत्रधार जर एखाद्या राज्याच्याच सेवेत असतील, तर त्या राज्याकडून प्रत्यर्पणाची अपेक्षा व्यर्थ होय. ज्या बँकेत सामान्य ठेवीदारांची बचत आहे, तिच्या दृष्टीने अधिकारिता असणे व न्याय मिळणे यांतील अंतर हे असे आहे.

आरोपी उपस्थित नसताना खटला चालविण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. परंतु ती दहा वर्षे वा अधिक कारावास, जन्मठेप वा मृत्युदंड यांस पात्र गुन्ह्यांतील घोषित फरारींपुरती मर्यादित आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ६६ व्या कलमातील गुन्ह्यास कमाल तीन वर्षांची शिक्षा असून फसवणुकीस सात वर्षांची आहे. त्यामुळे संघटित गुन्हेगारीसारखे कठोर कलम लागू झाल्याखेरीज या तरतुदीचा उपयोग होत नाही.

अलीकडे म्यानमार, कंबोडिया इ. देशांतील बंदिस्त वसाहतींतून चालणाऱ्या फसवणुकीने नवा प्रश्न निर्माण केला आहे. तेथे दूरध्वनी करणाऱ्यांपैकी पुष्कळजण नोकरीच्या आमिषाने नेऊन डांबलेले तरुण असतात. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने अशा पाचशेहून अधिक भारतीयांना वायुसेनेच्या विमानांनी मायदेशी आणले. लुबाडल्या गेलेल्या तक्रारदाराच्या दृष्टीने त्यांपैकी काहीजण आरोपी ठरतात व मानवी व्यापाराच्या कायद्यानुसार तेच पीडित ठरतात. प्रत्यर्पणाच्या जुन्या तहांत या दुहेरी भूमिकेचा विचार नाही.

संयुक्त राष्ट्रांचा करार : रशियाच्या पुढाकाराने सुरू झालेल्या वाटाघाटींनंतर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २४ डिसेंबर २०२४ रोजी सायबर गुन्ह्यांविरुद्धच्या जागतिक कराराचा मसुदा स्वीकारला. २५ ऑक्टोबर २०२५ रोजी व्हिएटनाममधील हानोई येथे तो स्वाक्षरीसाठी खुला झाला, त्या वेळी साठांहून अधिक देशांनी त्यावर स्वाक्षऱ्या केल्या. चाळीस देशांचे अनुसमर्थन मिळाल्यानंतर नव्वद दिवसांनी तो अंमलात यावयाचा आहे. तह नसलेल्या देशांमध्ये या करारालाच प्रत्यर्पणाचा आधार मानण्याची सोय त्यात आहे. टीकाकारांना याच विस्ताराचे भय वाटते : गंभीर गुन्ह्यांविषयी पुरावा मागण्याची तरतूद सरकारविरोधी लेखक, पत्रकार वा संशोधक यांच्याविरुद्ध वापरली जाईल, असा त्यांचा आक्षेप आहे. वंश, धर्म, राजकीय मत इ. कारणांवरून छळ होण्याची सबळ शक्यता असल्यास मागणी नाकारण्याची मुभा करारात आहे. तिचा वापर प्रत्येक राज्य आपल्या मर्जीने करणार आहे.

कराचीहून मुंबईस आलेल्या तारेपासून २८ देशांत एकाच दिवशी झालेल्या चोरीपर्यंत गुन्ह्याचा वेग व व्याप बदलला. गुन्हा कोठे घडला, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयांनी बहुतांशी शोधले. आरोपीस आपल्या न्यायालयात आणण्यासाठी परराज्याच्या संमतीची गरज मात्र संपलेली नाही व ती संपणे इष्टही नाही; कारण मार्सेलच्या किनाऱ्यावर जी संमतीची पायरी गाळली गेली, तीच परकीय सत्तेच्या मागणीविरुद्ध व्यक्तीचे एकमेव संरक्षण असते. ही पायरी कायम ठेवून तिच्यावर लागणारा काळ वर्षांवरून दिवसांवर आणणे, हे या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय कायद्यापुढचे प्रमुख कार्य होय.